समध्याचा द्रोण

माझ्या बाबाला, पतिरामला, फुलांशी बोलायची सवय होती. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, पण मार्च लागला की मला तेच आठवतं. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन आम्ही चोरखमाऱ्याच्या तलावाकडे मोहफुलं वेचायला जायचो. बाबा मूठभर फुलं उचलायचा, काहीतरी पुटपुटायचा, टोपलीत टाकायचा, पुन्हा पुटपुटायचा. "आता काय म्हणून राहिलं तुहं फूल?" असं मी चिडवायची. तो नुसता हसायचा. माझी टोपली आधी भरायची आणि त्याचा मला भारी तोरा होता.

त्याआधीचा बाबा आठवायलाही नको वाटतो. घरामागच्या भट्टीवर दारू स्वतःच गाळायचा, स्वतःच संपवायचा. माझ्या मायच्या, दुर्पताच्या, कपाळावरचा व्रण त्याच दिवसांतला. १९९९च्या डिसेंबरात त्यानं तलावात बाप्तिस्मा घेतला आणि भट्टी मोडली. पुढच्याच होळीला पिऊन आला. मग रविवारच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "मी पडलो होतो. परत उभा होऊन राहिलो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मात्र थेंब घेतला नाही. मोह विकूनच घर चालायचं, त्यामुळे पोती घरातच असायची, वासही घरातच. रोज सकाळी तो मोडलेल्या भट्टीच्या जागी गुडघे टेकायचा, ताप असला तरी. मला वाटायचं, सुटली ना एकदाची, आता कायले एवढं.

२००६च्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं. नवरा भुवनेश्वर आमच्याच समाजाचा, पण घर येशूला न मानणारं, जुन्या रीतीचं. बाबानं हळद, ढोल, सगळं मान्य केलं. एकच गोष्ट अडली. आमच्यात नवरीच्या बापानं मांडवात समध्याला, म्हणजे व्याह्याला, आपल्या हातानं पानाच्या द्रोणात मोहाची दारू ओतून द्यायची असते.

"ते माह्या हातून होत नाही," बाबा म्हणाला.

माझे सासरे केशोराव भर मांडवात रिकामा द्रोण धरून बसले होते. वऱ्हाडानं दारूची कॅनही आणून समोर ठेवली होती. "मंग आमी वापस जातो," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. हळदीच्या अंगानं मी बाहेर आली आणि चारचौघांत बाबाला बोलली, "एका द्रोणानं तुहा येशू मरते का?"

"तो नाही मरत, नीतू," बाबा म्हणाला. "मीच मरतो. ओतली का मी पेतो. मंग तुह्या मायचं कपाळ कोण वाचवील?"

केशोरावांनी मायच्या कपाळाकडे पाहिलं. मग द्रोण पुढे केला. "पाणी दे, समधी. पण हात तुहाच पाहिजे."

बाबानं लोटा उचलला. मी अगदी खेटून उभी होती. त्याची नजर त्या उघड्या कॅनवर गेली आणि अर्धं पाणी केशोरावांच्या धोतरावर सांडलं. तो पुटपुटत होता, मोहाखाली पुटपुटायचा तसंच. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते ऐकू आलं.

"देवबापा, एवढ्या खेपेला सांभाळ. एवढ्याच खेपेला."

सहा वर्षं तो दर मुठीला हेच मागत होता. आणि मी माझी टोपली आधी भरली म्हणून तोरा मिरवत होती.