रजेचा नंबर

"तुम्ही जा आधी. माझी कोण वाट बघतंय?" असं म्हणत ते रजेच्या यादीतलं स्वतःचं नाव पेन्सिलीनं खोडायचे. आपला नंबर दुसऱ्याला देऊन वर त्यालाच चहा पाजणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या कंपनीतले हे सर्व्हेअर त्यातलेच.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. कतारमध्ये, दोह्याच्या वेस्ट बे भागात समुद्रात भराव पडत होता आणि ते दिवसभर दुर्बीण लावून उंची मोजायचे. मोजायला उंची होती कुठे? "इथला चढ म्हणजे सतरंजीची घडी," ते म्हणायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. साताऱ्याला भावाकडे चार दिवस काढायचे आणि उरलेली रजा हिमालयात. गढवालमध्ये शेवटच्या बसनंतर दोन दिवस पायी गेलं की एक गाव लागायचं. तिथे एका म्हातारीकडे त्यांचा मुक्काम असायचा.

मेसमध्ये जेवायला बसलो की त्यांच्या तोंडून त्या घरची चूल सुरू व्हायची. मंडुव्याची भाकरी, गहतची दाट डाळ, वर घरचं तूप. मी नाशिकचा, जिभेला हाड नाही. एकदा म्हणालो, "अहो, मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ. त्यासाठी एवढं चढायचं?"

ते रागावले नाहीत. "दोन दिस चालून जावा, मग सांगा कुळीथ कसं लागतं ते."

म्हातारीनं त्यांना एकदा पीक निघाल्यावर, बर्फ पडायच्या आधी यायला सांगितलं होतं. त्यासाठी ऑक्टोबरची रजा हवी. आमच्या सेक्शनमधून एका वेळी एकालाच सोडत. पहिल्या वर्षी त्यांनी नंबर दिला तो एकाच्या बहिणीच्या लग्नासाठी, दुसऱ्या वर्षी एकाच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी. तिसऱ्या वर्षी मी मागितला. नाशिकला घर बांधलं होतं, वास्तुशांत करायची होती. ती मेमध्येही झाली असती. मला दिवाळी नव्या घरात हवी होती, एवढंच.

चौथ्या वर्षी ते गेले आणि आठ दिवस आधीच परत आले. रजा उरवून परत येणारा माणूस मी आखातात दुसरा पाहिला नाही.

शुक्रवारी दुपारी मेसमध्ये त्यांनी एक गंजका डबा उघडला. खवट वास सुटला. मी म्हणालो, "तूप गेलंय हे. टाकून द्या."

"म्हातारीनं ठेवलं होतं माझ्यासाठी. दर साली थोडं थोडं," ते म्हणाले. "शेजारणीनं दिलं. दिवाळीनंतर गेली म्हणं ती, गेल्या साली."

गेल्या साली दिवाळीत मी माझ्या घराला तोरण लावत होतो. हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी डबा पुढ्यात ओढला. भातावर तूप घेतलं, कालवलं आणि खाली मान घालून सगळं जेवले. मला घेणार का म्हणून विचारलंही नाही. पानातलं काही एकट्यानं खाताना त्यांना मी प्रथमच पाहत होतो.

त्या हिवाळ्यात करार संपला तसे ते साताऱ्याला निघून गेले. माझ्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. येणार तरी कसं? पत्रांत मी हवापाण्याचंच लिहिलं होतं. जे बोलायचं ते त्या दुपारी, ते समोर जेवत असतानाच बोलायला हवं होतं. तेव्हा मी ताट उचललं आणि हात धुवायला गेलो.