तिसऱ्या धारेपर्यंत

पंजाबात मी अनेकदा गेलो, पण सुवर्णमंदिर पाहिलं नाही. ताजमहालही पाहिला नाही. एकदा आग्र्याजवळ आमचा ट्रक चांगला अर्धा दिवस उभा होता, पण मागे एका गाईचं पोट फुगलं होतं आणि मी तिला गोडेतेल पाजत होतो. ड्रायव्हर जाऊन बघून आला. छान आहे म्हणाला.

संगमनेरच्या आसपास माझ्यासारखे पुष्कळ आहेत. दुधाचा धंदा, घरामागे गोठा, आणि चांगली गाय हवी असली की पंजाब, हरियाणा नाहीतर कर्नाटक. गावातली दुसरी माणसं यात्रेच्या बसनं भारत फिरून येतात आणि कुठल्या धर्मशाळेत गरम पाणी होतं ते वर्षभर सांगतात. मलाही कुणीतरी विचारतंच, एवढा फिरलास, काय शिकलास? मी खरं सांगतो. भारतात कुठंही जा, विकणारा माणूस गाईचं वेत, म्हणजे ती किती वेळा व्याली ते, एकानं कमी सांगतो आणि ते सांगण्याआधी चहा देतो. देशाची एकता म्हणतात ती मी एवढीच पाहिली. हे उत्तर कुणाला आवडत नाही. लोकांना हिमालयाबद्दल ऐकायचं असतं.

आमच्यात गाय घ्यायची म्हणजे तीन धारा बघायच्या. विकणारा आदल्या वेळेचं दूध कासेत ठेवतो, म्हणून पहिली धार भरपूर निघते. तिच्यावर जो विश्वास ठेवतो तो नवशिका. दुसऱ्या धारेला खरं काय ते कळतं आणि तिसरीला पक्कं होतं. संध्याकाळ, सकाळ, पुन्हा संध्याकाळ. तेवढा वेळ जायचं कुठं, म्हणून मुक्काम विकणाऱ्याच्याच घरी. ज्याच्यावर काडीचा विश्वास नाही त्याच्याच घरी जेवायचं आणि त्याच्याच खाटेवर झोपायचं. असं केल्याशिवाय माणूस परक्या मुलखातल्या घरात शिरत नाही, असं माझं मत झालं आहे. कर्नाटकात कोलारकडे एका घरी नाचणीचा उकडलेला गोळा वाढला होता. मी तो चावून खात होतो. घरच्या म्हातारीनं खूण करून सांगितलं की हा गिळायचा असतो. मी गिळला. गाय मात्र पसंत पडली नाही.

हरियाणातली एक गाय मी दोनच धारांवर घेतली. ट्रक भरला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि बरोबरच्या शेतकऱ्यांनी तोंडं वाकडी केली होती. घरी आल्यावर आठवडाभरात तिनं लाथ मारली आणि बायकोचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी ते पहिल्यासारखं वळेना. अशा गाईचं काय करायचं हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. बाजारात न्यायची, गरीब आहे म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. बायकोनं नेऊ दिली नाही. मी आरडाओरडा केला. ती म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या, खाऊन खाऊन किती खाईल?’’ गाय पुष्कळ खाते. तिचे मागचे पाय बांधून मीच धार काढतो आणि निघालेल्या दुधात तिच्या पेंडीचाही खर्च सुटत नाही.

गेल्या वर्षी पुन्हा गाय आणायची ठरली तेव्हा बायको म्हणाली, ‘‘मी येते.’’ गोठ्याचं काय, असं मी विचारलं, तर भाऊ-भावजयीशी तिचं आधीच बोलणं झालं होतं. लग्न झाल्यापासून तिनं नाशिक आणि पुणं एवढंच पाहिलं होतं आणि दोन्हीकडे दवाखानाच पाहिला होता. गाईंना दोन वेळा पिळावं लागतं, त्यांना रविवार नसतो. मी फिरत होतो कारण ती घरी होती, ही गोष्ट मला माहीत होती. फक्त तिचा विचार करायची पाळी कधी आली नव्हती.

मनमाडला गाडीत बसलो. समोरच्या बाकावर भोपाळची बाई होती. भुसावळ येईपर्यंत बायकोला तिचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी सगळं समजलं होतं. मी म्हटलं, ‘‘अगं, हिंदीत बोल तिच्याशी.’’ ती म्हणाली, ‘‘बोलतीय की.’’ ती मराठीतच बोलत होती. भोपाळला ती बाई उतरली तेव्हा दोघींचे डोळे भरले होते. मी त्या मार्गानं इतक्या वेळा गेलो, पण वैरणीचा भाव सोडून कुणाशी काही बोललो नव्हतो. मला जरा कसंतरीच झालं, पण मी पेपर वाचत राहिलो.

लुधियान्याला माझा नेहमीचा दलाल घ्यायला आला. सरदारजी, बोलायला गोड, धंद्यात पक्का, आमच्याकडच्या गिऱ्हाइकांमुळे मराठीही समजणारा. गाडीतच त्यानं सांगून टाकलं की गाय एका म्हाताऱ्या बाईची आहे. नवरा वारला, मुलगा कॅनडात, तो आता आईला कायमची घेऊन चालला आहे. बाकीची जनावरं विकली, ही एकच राहिली. विमानाचं तिकीट याच आठवड्याचं आहे, तरी बाईंनी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. मी विचारलं, भाव जास्त सांगते का? तो म्हणाला, भावाचं काही नाही, माणूस पसंत पडत नाही. असली वाक्यं मी खूप ऐकली आहेत. भाव वाढवायची ही एक पद्धत असते.

घर मोठं होतं, निम्म्या खोल्यांना कुलपं. ओसरीवर बांधलेल्या बॅगा. वीसेक जनावरांच्या गोठ्यात एकच गाय, काळीपांढरी, दुसऱ्या वेताची. दलाल त्या बाईंना माताजी म्हणत होता, म्हणून आम्हीही माताजीच म्हणू लागलो. पहिली धार त्यांनी स्वतः काढली. बादली भरली, मी मनातल्या मनात चौथाई कमी केली. रात्री डाळ, रोट्या आणि लोण्याचा गोळा. मी खाटेवर आडवा झालो. बायको स्वयंपाकघरात माताजींशी बोलत बसली. एकीची मराठी आणि दुसरीची पंजाबी दोन्ही मला खाटेवरून ऐकू येत होत्या. कुठंच अडत नव्हतं.

सकाळची धार बायकोनं काढायला घेतली. मनगटामुळे तिचा हात हळू चालतो. माझं लक्ष बादलीकडे होतं, माताजींचं तिच्या हातांकडे. धार चालू असतानाच त्या दलालामार्फत एकेक विचारू लागल्या. तुमच्याकडे ऊन फार असतं का? मी म्हटलं, गोठ्यात पंखा आहे. बायको म्हणाली, ‘‘पंखा बंद पडलाय.’’ दुपारी सावली? मी म्हटलं, दारात आंबा आहे. बायको म्हणाली, ‘‘आंबा अजून ल्हान हाय.’’ दलालानं सगळं इमानदारीनं पंजाबीत सांगितलं. त्याला मजा येत असावी. दूध खरोखरच भरपूर होतं, गाय हलली नव्हती, आणि ती मला हवीच होती. म्हणून मी बायकोकडे डोळे वटारले. तिनं पाहिलं नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तीन धारा इथं आमच्याच बघितल्या जात आहेत. गाय द्यायची की नाही ते संध्याकाळी ठरणार होतं, आणि ठरवणार मी नव्हतो. इतकी वर्षं मी लोकांचे गोठे पारखत हिंडलो. मला कुणी असं पारखलं नव्हतं, आणि ते अजिबात बरं वाटत नव्हतं.

तिसऱ्या धारेच्या वेळी ट्रक येऊन थांबला होता. नाशिककडच्या शेतकऱ्यांच्या पाच गाई त्यात आधीच चढल्या होत्या. धार संपली. बायको बादली उचलायला गेली, तसं माताजींनी तिचं मनगट धरलं आणि विचारलं, हे काय झालं? बायकोनं पाय झाडून दाखवला. मग त्यांनी विचारलं आणि दलालानं हिंदीत सांगितलं, ‘‘फिर उस गाय का क्या किया?’’

मी चटकन म्हटलं, ‘‘बेच दी.’’ शहाण्या माणसाचं उत्तर तेच असतं. लाथ मारणारी गाय घरात ठेवून पोसणारा गडी दलालाच्या नजरेतून उतरतो.

‘‘कवा विकली?’’ बायको म्हणाली. मग ती थेट माताजींकडे वळली. ‘‘नहीं बेचा. घर में हाय. बेचा तो दुसरी बाई का हात मोडेगा ना.’’

दलाल माझ्याकडे बघत राहिला. मला बायकोचा भयंकर राग आला. खोटारडा ठरलो होतो, आणि वर मूर्खही. दलालानं ते पंजाबीत सांगितलं, नेहमीपेक्षा सावकाश. माताजी गाईजवळ गेल्या, दावं सोडलं आणि बायकोच्या हातात दिलं. भाव मी सांगितला होता तोच राहिला.

गाय वासावर जाते. नव्या माणसानं जुन्या माणसाचं कापड अंगावर घेतलं की ती लवकर पान्हा सोडते, हे पंजाबात माहीत आहे आणि आमच्याकडेही. माताजींनी डोक्यावरची ओढणी काढली, जी घेऊन त्या रोज धार काढत होत्या, आणि बायकोच्या खांद्यावर टाकली. परक्या पुरुषांसमोर त्या तशाच उघड्या डोक्यानं उभ्या राहिल्या, केस पांढरे आणि अगदी विरळ. मी जमिनीकडे पाहिलं. दलाल पगडी ठीक करत तोंड फिरवून उभा राहिला. बायकोनं उन्हासाठी आणलेला स्कार्फ पिशवीतून काढला, भडक गुलाबी, टिकल्या लावलेला, आणि माताजींच्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. लहान पोरीला बांधतात तसा.

गाय ट्रकमध्ये चढली. मी ड्रायव्हरशेजारी बसलो, बायको खिडकीशी. गाडी हलली तरी माताजी फाटकात उभ्या होत्या, मला आरशात दिसत होत्या. मी म्हटलं, ‘‘अगं, हात तरी कर.’’

ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. ‘‘मागं बघितलं,’’ ती म्हणाली, ‘‘तर माघारी द्यावी लागंल.’’