फोर्स्कनिंग आणि माझं नको-नको

माझा गाढवपणा ऐकायचाय? मग आधी चहा घ्या. आणि घ्या म्हटलं की घ्या, नको-नको करत बसू नका. का ते कळेलच.

जर्मनीत आखनला माझी पीएचडी संपत आली होती. मोबाइलला बटणं असायची तेव्हाची गोष्ट. स्वीडनहून एक प्रोफेसर बाई येणार होत्या. त्यांच्याकडे संशोधकाची एकच जागा, दोन वर्षांची, आणि उमेदवार दोघं: मी आणि आमच्याच लॅबमधला श्टेफान. मला ती जागा हवीच होती. माझ्या बायकोने, मेधाने, तर पुण्याला फोनही करून टाकला, "अहो आई, ह्याच्यासाठी जाड स्वेटर विणायला घ्या."

आणि मी तयारी काय केली? स्वीडिश शब्द पाठ केले. संशोधन म्हणजे फोर्स्कनिंग. संशोधक म्हणजे फोर्स्कारे, तोच डेन्मार्क-नॉर्वेत गेला की फोर्स्कर. आठवडाभर भाजी चिरतानाही माझा जप चालू.

"एवढं पाठांतर माझ्या वाढदिवसाचं केलं असतंस तर," मेधा म्हणाली.

बाई आल्या. साधा स्वेटर, पाठीला सॅक. मी सुटात. हात मिळवत त्यांनी विचारलं, "कॉफीला येतोस ना? केक आणलाय मी."

आता पहिल्या विचारण्याला आपल्यात कोणी हो म्हणतं का? मी म्हणालो, "नो नो, थँक यू."

"नक्की?"

"नक्की." तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं, हे ठरलेलं.

तिसरी वेळ आलीच नाही. श्टेफान त्यांच्या मागोमाग गेलासुद्धा.

मी सेमिनार रूममध्ये प्रोजेक्टर लावून फोर्स्कनिंग, फोर्स्कारे पुटपुटत बसलो. पाऊण तास. पलीकडून हसण्याचे आवाज येत होते. म्हटलं, हसू दे लेकाला, खरी परीक्षा इथे आहे.

बाई परतल्या आणि दारातच थांबल्या. "आमचं अर्धं काम कॉफीच्या टेबलावर होतं. तिथे कोण कसं बोलतं तेच मला बघायचं होतं. तुला एकटं बसायला आवडतं, असं दिसलं. त्यात चूक काही नाही, पण आमच्याकडे नाही जमायचं. जागा श्टेफानला देतेय."

पाठ केलेले सगळे शब्द गिळले. खरं सांगतो, रडायचाच बाकी होतो.

बाईंना कीव आली असावी. डबा पुढे करून म्हणाल्या, "दोन तुकडे उरलेत. घरी नेतोस?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नो नो, थँक यू."

केकही श्टेफाननेच नेला.