जुनं पुसत नसतात

उभ्या वाशीम जिल्ह्यात, आपण धड आहोत की नाही याची खात्री करून मगच खाटेवरून पाय खाली टाकणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी साळा म्हणून आला. आधी हाताची बोटं हलवतो, मग पायाची, मग मोठ्यानं स्वतःचं नाव, गाव आणि वार सांगतो. वार चुकला की डोळे मिटून परत पहिल्यापासून उठतो. त्याची बायको म्हणते, "भाऊजी, ह्या मानसाले जागं करनं म्हंजे जुना ट्रॅक्टर सुरू करनं हाय." मी चौथी शिकलेला, आमच्यात माणूस उठला की उठला.

हे खूळ त्याला धंद्यातून लागलं. मंगरूळपीरला अडत्यांच्या दुकानांतले कॉम्प्युटर तो सांभाळतो. त्यांत ते चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली घालतो आणि प्रत्येकाला असं शिकवून ठेवतो की सुरू होताच त्यानं आधी स्वतःला तपासावं: वजनकाटा बोलतो का, बिल छापून निघतं का, इंटरनेट लागलं का. नवी सुधारणा घातल्यावर काही अडलं, तर तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तरीही जमलं नाही, तर नवं बाजूला सारून कालचं चालतं उभं करतो. कालचं माझा साळा कधी पुसतच नाही. मागच्या हंगामात एका शेठजींच्या दारात सोयाबीनच्या गाड्या लागल्या आणि नव्या सुधारणेनं काटा मुका झाला. शेठजी कपाळ बडवून राहिले, हा बाकावर बसून चहा फुंकतो आहे.

"अरे, काही तरी कर ना!"

"शेठजी, बोंबलू नका. तो सोताले तपासून राह्यला. मधात हात घातला का बिघडते."

कॉम्प्युटर बंद पडला, उठला, पुन्हा पडला, आणि मग कालच्या रूपात हजर झाला. काटा बोलला. शेठजींनी आपल्या हातानं दुसरा चहा दिला.

घरातही तोच कायदा. नवी चप्पल पायात, जुनी पिशवीत. नवा चष्मा नाकावर, जुना खिशात. पोरीच्या लग्नात नवा आचारी सांगितला, आणि जुन्या आचाऱ्याला पाहुणा म्हणून सकाळीच बोलावून बसवलं. नव्याची भाजी करपली तसा पाहुण्यानं सदरा काढला.

मग माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, गेली. मुलगा मला पुण्याला न्यायला आला. आमच्या गावचं, इंझोरीचं घर विकून टाकू म्हणाला. मीही हो म्हटलं. त्या घरात मला बसवत नव्हतं. साळा मधात पडला.

"जा भाऊजी, खुशाल जा. पन घर इकू नका."

"काहून? कोनासाठी ठेवू?"

"नवं आपल्या पायावर उभं राह्यल्याबिगर जुनं पुसत नसतात."

मुलगा चिडला. "मामा, बाबा काही कॉम्प्युटर नाहीत."

"म्हनूनच म्हंतो. कॉम्प्युटर बिघडला तर सांगते तरी. हा मानूस सांगनार नाही."

घर राहिलं. पुण्यात मुलगा-सून चांगले वागले, खोटं कशाला बोलू. पण घास उतरेना, बोलायला माणूस नाही, आणि मी खरंच कोणाला सांगितलं नाही. साळा रोज सकाळी फोन करायचा. झोप लागली का? जेवले का? मी हो हो म्हणायचो. एक दिवस त्यानं नवंच विचारलं.

"भाऊजी, काल कोनाले शिवी देली?"

"कोनालेच नाही."

"परवा?"

इंझोरीत माझा एक दिवस शिवीशिवाय गेला नव्हता; मी बोटांवर दिवस मोजू लागलो.

"मंग गाडीत बसा."

इंझोरीला आलो तर कुलपाला तेल, माठात पाणी, शेगडी पेटती. मी नसताना हा गडी येऊन येऊन घर चालतं ठेवत होता. मी खोल्या फिरलो. सगळं होतं तसं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मात्र पाय अडला आणि मी तिथंच बसलो.

"सगळं मांगचं आनलं तू," मी म्हटलं. "तिले कसं आनशील?"

त्यानं शेगडी बारीक केली.

"तिले आनता येत असतं त म्या तुमची वाट पाह्यली नसती, भाऊजी. माह्यासाठीच आनली असती."

तिच्या जाण्याच्या दुःखात त्याचाही वाटा होता, हे मला तेव्हा दिसलं. मी उंबऱ्यावर थोडा सरकलो. तो शेजारी येऊन बसला.