वाढप्यांच्या चक्रावर सुझुचं नाव

तुमच्या वर्गात परदेशातून तीन आठवड्यांसाठी एक मूल आलं, तर तुम्ही त्याला काय द्याल? खुर्ची द्याल, टाळ्या वाजवाल, फोटो काढाल. झाडू द्याल का?

तोकिए कुवाबारा हा प्रश्न कुणालाही विचारते, रस्त्यात अडवून विचारते. जपानात शिमानेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात शाळेखालच्या वळणावर ती रोज सकाळी पिवळा झेंडा घेऊन पोरांना रस्ता ओलांडून देते. वय अडुसष्ट. त्याआधी सत्तावीस वर्षं त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरं तिला मावशी म्हणायची. त्या पोरांना पोरं झाली, तरी मावशीच म्हणतात.

तिचा बाप बोगदे खणायचा. जिथे बोगदा तिथे बिऱ्हाड. नऊ वर्षांत पाच शाळा झाल्या. प्रत्येक शाळेत जोडे ठेवायला तिला शेवटचा, खालचा, बिननावाचा कप्पा मिळायचा. आमच्याकडे शाळेत जेवण वर्गात आणून वाढायचं आणि फरशी पुसायची, ही कामं पोरंच करतात. जेवणाचं पातेलं उचलायला हात पुढे केला की बाई म्हणायच्या, "राहू दे, तू काय, जाणारच आहेस." ते वाक्य तिच्या कानातून अजून गेलेलं नाही. पुढे स्वयंपाकघरात लागली, तेव्हा ओल्या फरशीवर सोबतची बाई पडली. तोकिएने नियमांचं पुस्तक आणलं, बोट ठेवून एकेक शब्द लावत वाचलं आणि सगळ्याजणींना रबरी बूट मिळवून दिले. तेव्हापासून ती कचेरीत शिरली की तिथले लोक आधी चहा ठेवतात, मग काम विचारतात.

तिची मुलगी मिहोको कॅनडात असते, कॅलगरीला. नात सुझु दहा वर्षांची. तिकडची शाळा जूनअखेर सुटते, इकडची वीस जुलैपर्यंत चालते. मधले तीन आठवडे सुझु यंदा पहिल्यांदाच आजीकडे राहून गावच्या शाळेत चौथीत बसली. मिहोकोने फोनवर बजावलं होतं, "आई, तिचं मन रमलं नाही तर पुढच्या वर्षीपासून बंद. मी जबरदस्ती करणार नाही."

बंद म्हणजे काय, हे तोकिएला कळत होतं. आजीशी बोलायची भाषाच पोरीच्या तोंडून जाणार.

तिसऱ्या दिवशी सुझु घरी आली ती तोंड पाडूनच.

"कुणी काही बोललं का?"

"कुणी काही बोलत नाही. सगळे फार छान वागतात."

"मग तोंड का असं?"

"जेवण वाढायला बाकीचे उठतात, मी बसते. सगळे फरशी पुसतात, मी खिडकीशी उभी. आजी, भिंतीवर पुठ्ठ्याचं चक्र आहे, कुणी काय करायचं त्याचं. त्यावर अठरा नावं आहेत. आम्ही एकोणीस आहोत." मग म्हणाली, "पुढच्या वर्षी नाही आले तर चालेल?"

तोकिएने गॅस बंद केला आणि शाळेची चढण चढली.

उपमुख्याध्यापक नागासे तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. तिला बघून उभाच राहिला.

"मावशी, ती पाहुणी आहे. पातेलं जड, रस्सा गरम. काही झालं तर तिच्या आईला मी काय सांगू?"

"तुला उचलायला दिलं होतं ना? तू कुठला पैलवान होतास. वांगं भाताखाली लपवायचास, वाटायचं कुणाला दिसत नाही."

पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी हसू दाबायला वही तोंडापुढे धरली.

"मावशी, वांग्याचा इथे काय संबंध?"

"पाहुणी म्हणूनच ठेवायची, तर शाळा कशाला? लॉजवर ठेवते. तिथे चहा तरी देतील."

सोमवारी चक्रावर एकोणिसावं नाव चिकटलं.

तोकिए तेवढ्यावर थांबणारी नव्हे. अंगणात जुनं पातेलं काढलं, पाण्याने भरलं. एका कडीला आजी, दुसऱ्या कडीला नात. "दोघींचं पाऊल एकदम पडलं पाहिजे. तोंडाने म्हण. एक, दोन. एक, दोन." तीन दिवस हे चाललं. शेजारचा सोनोबे कुंपणावरून म्हणाला, "काय गं तोकिए, आग लागलीय कुठे?"

"लागेल. तू उभा राहा तिथेच."

चार दिवस सुझुकडे ताटल्या आणि पाव होता. शुक्रवारी पातेलं आलं. आणि शुक्रवारी संध्याकाळी ती वाढपाचा पांढरा एप्रन घेऊन घरी आली. आठवडाभर वापरायचा, शुक्रवारी घरी धुवायचा, सोमवारी पुढच्याला द्यायचा, हा रिवाज. एप्रनवर छातीपासून खालपर्यंत भोपळ्याचा रस्सा.

"कुणी भाजलं?"

"नाही. पातेलं फरशीवर उलटलं. दुसरी कडी धरलेल्या चिनात्सुचे मोजे भिजले."

"पाऊल कुणाचं चुकलं? मी शिकवलं होतं ना तुला?" तोकिएचा आवाज चढला.

"तू म्हणालीस, तोंडाने म्हण. मी म्हटलं, एक. चिनात्सुने ओठावर बोट ठेवलं आणि ती थांबली. मी नाही थांबले." सुझु एप्रनकडे बघत होती. "जेवण नेताना बोलायचं नसतं, आजी. करोनाची साथ आली तेव्हापासून. सगळ्यांना माहीत आहे."

तोकिए पायरीवर बसली. सहा वर्षांपूर्वी ती त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडली होती. मधे काय बदललं, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग वर्ग उपाशी राहिला?"

"नाही ना. रिकामं पातेलं घेऊन आम्ही वर्गावर्गात गेलो. पाच वर्ग. दारात उभं राहून म्हणायचं, आम्ही सांडलं, थोडं थोडं द्या. चिनात्सु म्हणाली, तू सांडलंस, तू म्हण. मी म्हटलं."

"पाचही ठिकाणी?"

"पहिलीवाले एकच पळी देत होते, त्यांच्या बाईंनी दोन द्यायला लावल्या. सहावीतला एक मुलगा म्हणाला, कॅनडात पातेली नसतात का? पण चार पळ्या घातल्या त्याने. शेवटी आमच्याच वर्गात रस्सा उरला." ती हसली, मग गंभीर झाली. "पुढच्या वर्षी कठीण आहे. पाचवीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो. चिनात्सु म्हणते, जिन्यावर तू वरच्या बाजूला राहायचं."

तोकिएने उठून एप्रन भिजत घातला. रविवारी इस्त्री केली. डाग पुरता गेला नाही.

सोमवारी नागासेची मोटार वळणावर आली, तेव्हा तिने झेंडा आडवा धरला. त्याने काच खाली केली.

"चूक माझी होती," ती म्हणाली. हे तीन शब्द तिच्या तोंडून मिहोकोनेही कधी ऐकले नसतील. "बोलायचं नाही हा नियम मी विचारला नाही."

"आम्हीही तिला सांगितला नव्हता, मावशी. पाहुण्याला नियम कोण सांगतं?" मग तो म्हणाला, "मीही दोनदा सांडलं होतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी प्रत्येक वर्गाच्या पातेल्यात दोन पळ्या जास्त घालायचे. चल, मागे रांग लागलीय."

तेव्हा तुमच्याही वर्गात असं थोड्या दिवसांचं मूल आलं असेल, तर कृपा करा. आज चक्रावर त्याचं नाव लिहा, नियम सांगा आणि पातेल्याची एक कडी त्याच्या हातात द्या.