मोठीमायचा थ्रेशर

कोणतंही यंत्र दाखवा, मोठीमाय आधी किंमत विचारत नसे. विचारायची, "याचे पार्ट कोठी भेटतेत?" मी गोंदियाला शेतीयंत्रांच्या शोरूममध्ये विक्रीला होतो, आणि पार्ट कंपनीकडून मागवावे लागतात, हे मला दर वेळी सांगावं लागायचं. ती माझी थोरली काकू. मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, गेल्यावर तिरोड्याजवळची चार एकर धानाची शेती तिनं एकटीनं ओढली.

तिच्याकडे डिझेल इंजिनवाला जुना थ्रेशर होता, भंगाराच्या दुकानातून किलोवर तोलून आणलेला. स्वतःच खोलायची, स्वतःच जोडायची, आणि नाकाला लागलेल्या ग्रीससकट चहा मांडायची. "नवा घे ना, हप्त्यानं देतो," म्हटलं की हसायची. "हप्ता मी भरू अन् फायदा तुया शेठचा? कायले बाप्पा?"

खताची पिशवी दर हंगामाला महागत होती, डिझेल चढत होतं, धानाचा भाव मात्र मुंगीच्या पावलानं. गावानं त्यावर तोड काढली, बाहेरून येणारा मोठा हार्वेस्टर. तो नीट वळावा म्हणून लोकांनी आजा-पणजाचे धुरे, म्हणजे शेताचे बांध, फोडले, धानाच्या चार लहान बांध्यांची एक मोठी बांधी केली. फोडा म्हणून सांगत फिरणारा मीच होतो. मोठीमायनं एका धुऱ्याला हात लावू दिला नाही. "यंत्रासाठी वावर बदलवून राहिले. उद्या त्यानं भाडं वाढवलं तं काय करान?"

मला तिचा रागच यायचा. गुडघे गेले होते, तरी ऐकेना. शेवटी जमीन ठेक्यानं द्यायचा करार स्टॅम्पपेपरवर टाइप करूनच नेला. तिनं तो वाचला, घडी घालून मला परत दिला. "या सालचं धान निघू दे. खर्च जाऊन चार पैसे नाही उरले तं सही करीन."

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला. चिखलात चाकाचा हार्वेस्टर शिरेना, चिखलात चालणाऱ्या चेनच्या हार्वेस्टरवाल्यानं दुप्पट भाडं सांगितलं. गाव उभ्या धानाकडे बघत बसलं. मोठीमायला कोणाची वाट पाहायची नव्हती. शेजारणींबरोबर, आज तुझी बांधी उद्या माझी करत, तिनं पावसाआधीच कापणी उरकली होती आणि खळ्यावर पेंढ्यांचे पुंजणे रचून वर ताडपत्री ओढली होती. ऊन पडताच थ्रेशर सुरू झाला. धान कोरडं, टपोरं निघालं आणि चांगल्या भावानं गेलं. शेजारणींचंही त्याच थ्रेशरवर निघालं, वाजवी भाड्यात.

मी पोचलो तेव्हा ती इंजिनावर वाकली होती. झाकणातून ऑइल गळत होतं.

"उरले का?" मी विचारलं.

"उरले. तो कागद आणला का?"

मी पिशवीतून करार काढला. तिनं बोटांनी त्याची जाडी पाहिली, झाकणाच्या मापानं कात्रीनं कापला, ग्रीस चोपडलं आणि पॅकिंग म्हणून झाकणाखाली बसवला. पान्यानं नट आवळत म्हणाली, "मस्त जाड हाय. असा पार्ट तुया शोरूममंदी नाही भेटे." मला तिचा फार अभिमान वाटला.

मोठीमाय जाऊन दोन वर्षं झाली. शोरूम मी सोडलं. धुरे जागेवर आहेत आणि चार एकर मीच कसतो. परवा चुरणीला, म्हणजे धान मळायला, थ्रेशर काढला, दिवसभर चालवला आणि संध्याकाळी ऑइल गळतंय का म्हणून त्याच झाकणाखाली हात फिरवून पाहिला. कोरडं होतं.