टेबलाखालची पावलं

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचल्या. या सदरातल्यासुद्धा... माफ करा. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही बंगळूरचेच, चिकपेटेत आमचं साड्यांचं दुकान. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी इंजिनियर होऊन घरी बसले होते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साफ सांगितलं होतं— "ही नोकरी लागली तर सरी, ठीक आहे. नाही तर हुबळीच्या स्थळाला होकार कळवतो." त्या मुलाचा मी फोटोही पाहिला नव्हता.

इंटरव्ह्यू इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका बड्या कंपनीत होता. लेखी परीक्षा पार पडली, शेवटी प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवायचा होता. कॉम्प्युटर रूममध्ये धूळ जाऊ नये म्हणून तेव्हा चपला बाहेर काढायला लावत. "चप्पल इल्ली बिडी," वॉचमन दाराकडे बोट दाखवून म्हणाला. बाहेर लख्ख ऊन, आत एसीनं फरशी गारठलेली. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी कोपऱ्यातली खुर्ची दाखवली आणि दार लावून गेल्या. आत मी एकटी.

प्रोग्रॅम काही चालेना. एरर, पुन्हा एरर. मी रडकुंडीला आले, आणि तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पावलांवर कोणाची तरी पावलं येऊन टेकली. अनवाणी... आणि गरम.

दचकून वाकून पाहिलं— वायरी आणि भिंत. टेबल भिंतीला चिकटलेलं, तिथे माणूस बसायला जागाच नव्हती. वायर लागली असेल म्हणून पाय पुन्हा खाली ठेवले. पुन्हा तेच. या वेळी अंगठासुद्धा जाणवला. दार जवळच होतं, पण पळाले असते तर थेट हुबळी. मी तशीच टाइप करत राहिले. भीतीनं माझे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. थरथरत होते ते वर टेकलेले.

प्रोग्रॅम चालला, आणि पावलांवरचं ओझं गेलं. मॅडम आल्या तेव्हा त्या गारठ्यात मी घामानं भिजले होते. त्यांना काही सांगायचा धीर झाला नाही. घरी फक्त मोठ्या बहिणीला सांगितलं.

"स्वल्प तरी खाऊन जायचं होतंस," अक्का म्हणाली. "पायाला मुंग्या आल्या असतील."

मुंग्यांना अंगठा कधीपासून असतो, हे मी तिला विचारलं नाही.

नोकरी लागली. आप्पांनी हुबळीला नकार कळवला. पहिल्या दिवशी मॅडमनी त्याच खोलीत नेऊन तीच खुर्ची दाखवली. "ही तुमची जागा." बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलाखाली बघत होत्या.

"इथे आधी कोण बसायचं, मॅडम?"

"कोणी नाही," म्हणत त्या घाईनं बाहेर पडल्या.

ते काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या सकाळी उलट्या पावली घरी जावंसं फार वाटलं... पण घरी जाऊन पुढे काय, तेही माहीत होतं. मी खुर्ची ओढली आणि बसले.